पगार झाला न्हाई का?

आईने भाकरीचा पापुद्रा बोटाने उचलून खालची बाजू नीट भाजली आहे का ते पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "पगार झाला न्हाई का गं तुझा?" मला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर हसू आलं, आणि हसून झाल्यावर कुठेतरी खुपलं. डॉक्टरांनी माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर पेनने गोल करून गहू कमी करायला सांगितलं होतं. मी उत्साहाने चेंबूर स्टेशनाजवळच्या वाण्याकडून मालदांडी ज्वारी आणली होती. त्याने माप करता करता विचारलंही होतं, "घरी कुणाला शुगर?" भाव ऐकून मी दोनदा विचारून घेतलं, कारण शेजारच्या पोत्यातला चांगला लोकवन गहू तिच्यापेक्षा स्वस्त होता. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "ज्वारी? गव्हापरीस म्हाग? तुला मुंबईची समजून फसवलं त्यानं." अर्धी भाकरी तिने आमटीत कुस्करून संपवली आणि मग, जणू ते औषध घेऊन झालं आणि आता जेवण, अशा सुरात म्हणाली, "आता एक चपाती वाढ."

आई मंगळवेढ्याकडची. म्हणजे ज्वारीच्या कोठारातली. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांना उघडून दिली ती याच मुलखातली, आणि त्या कोठारात गहू असेल असं तिकडच्या कुणालाही वाटत नाही. तिथली काळी माती पावसाळ्याचं पाणी पोटात धरून ठेवते. पाऊस ओसरला की पेरायचं, आणि पुढे ती ज्वारी थंडीभर त्या मुरलेल्या ओलीवर आणि दवावर उभी राहते. कालवा नको, मोटार नको. माझ्या आजोळी तीन वेळा भाकरी व्हायची. सकाळी शिळी भाकरी दह्याशी, दुपारी शेतात कांदा आणि शेंगदाण्याची चटणी, रात्री पातळ कालवणात कुस्करून. गहू सणाचा. पुरणाच्या पोळीला, जावई आला तर, आणि बाळंतिणीच्या खिरीला. वर्षभराच्या गव्हाला एक डबा पुरायचा, ज्वारीला मात्र धान्य साठवायचं बळद लागायचं. आई सांगते, लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी तिला चिडवलं ते नवऱ्याच्या रूपावरून नाही. "मुंबईला रोज चपाती खाणार ही," असं म्हणाल्या.

तिच्या चपातीच्या ओढीमागे 1972 आहे. त्या वर्षी ती चौदा-पंधरा वर्षांची होती आणि आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. त्या पिढीच्या कुणाशीही बोला, दोन गोष्टी निघतातच : सुकडी आणि मिलो. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मिळायचा तो पौष्टिक खाऊ. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, तिकडे मुख्यतः जनावरांना घालतात ती. आई तिच्या भाकरीबद्दल बोलताना आजही उजव्या हाताची बोटं चोळते. पीठ हाताला धरत नसे, भाकरी थापताना कडेने फाटायची, तव्यावर तांबूस-काळपट व्हायची आणि गार झाली की दगड. "पण खाल्ली," ती म्हणते. "खाल्ली म्हणून तर आहे." त्याच वर्षी इकडे मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या मागे बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. रवा, तेल, साखर यांसाठी. मला हे दोन्ही प्रसंग एकाच वर्षाचे आहेत हे फार उशिरा लक्षात आलं. भाकरीला लाटणं लागत नाही, ती हाताने थापतात. शहरातल्या बाईच्या हाती निषेधाला लाटणं आलं, म्हणजे तिच्या स्वयंपाकघरात तोवर गहू रुळला होता. मोर्चातल्या कित्येकजणी कोकणातल्या तांदळाच्या नाहीतर देशावरच्या ज्वारीच्या घरातून आलेल्या असणार.

हा गहू आला कुठून, हे शाळेत आम्ही 'हरितक्रांती' या धड्यात पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. 1966 मध्ये देशाने सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आणलं. त्यातलं बरंच पीएल-480 या अमेरिकी अन्नमदतीच्या कायद्याखाली तिकडून यायचं, मुंबईच्या गोदीतही उतरायचं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन पुढची जहाजं सोडायची की नाही हे हात आखडून, थोडं थोडं करून ठरवायचे. त्या अपमानाची चीड समजल्याशिवाय पुढची घाई समजत नाही. त्याच वर्षी मेक्सिकोहून 18,000 टन बियाणं आलं, शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हाचं. आपले जुने गहू उंच. खत जास्त घातलं की ओंबी जड व्हायची आणि पीक आडवं पडायचं. बुटका गहू खत पचवून उभा राहतो, त्याची सगळी करामत एवढीच. पण तो लाल होता, आणि आपल्याला चपाती हवी पिवळसर-गोरी. म्हणून दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ स्वामीनाथन यांच्या चमूने त्यातल्या सोनोरा-64 या वाणावर किरणांचा मारा करून त्याचा दाणा सोनेरी केला, त्याला नाव दिलं शरबती सोनोरा. पोट भरायची मारामार चालली असताना देश चपातीच्या रंगासाठी गॅमा किरण वापरत होता! मला यात हसावं की कौतुक करावं हे कळत नाही. दोन्ही करते. आमच्या इथून हाकेच्या अंतरावर, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशाच किरणांतून भुईमुगाचे वाण निघाले. टीएजी-24 तर महाराष्ट्रभर पेरला गेला. म्हणजे आईच्या चटणीतला शेंगदाणाही बहुधा आमच्याच बाजूचा.

पण आमच्या घराला खरं पोसलं ते खताने.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चेंबूरच्या खताच्या कारखान्यात होते. 1965 मध्ये सुरू झाला तेव्हा तो फर्टिलायझर कॉर्पोरेशनचा होता. 1978 मध्ये त्याचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स झाला, तेव्हा अण्णांच्या ओळखपत्रावरचं नाव बदललं, पाळी तीच राहिली. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, खत कशापासून करतात. त्यांनी हवेकडे बोट दाखवलं, मग माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्यांकडे. हवेतून नायट्रोजन, तिकडच्या नाफ्थातून हायड्रोजन, दोन्ही दाबाखाली एकत्र केले की अमोनिया, आणि अमोनियापासून युरिया. मला वाटलं चेष्टा करतायत. पुढे बॉम्बे हायचा गॅस आला आणि समुद्राच्या तळातली ती वाफ शेतात जाऊ लागली. ज्या शहरात एक बिघा गहू उगवत नाही, रेल्वेच्या रुळांकडेला गटाराच्या पाण्यावर पालक-माठ तेवढा होतो, ते शहर अख्ख्या महाराष्ट्राच्या पिकाला दाणापाणी पाठवत होतं. गावी गेलो की मामाच्या ओसरीवर त्याच कारखान्याच्या 'सुफला' खताची रिकामी गोणी अंथरलेली दिसायची. पावसात तीच डोक्यावरून खोळ, धान्य वाळवायला तीच, म्हशीच्या अंगावर तीच. त्यावरचे नत्र, स्फुरद, पालाशाचे 15:15:15 हे आकडे मला पाढ्यांच्याही आधी ओळखू आले. अण्णा त्या गोणीवर बसायचे नाहीत, मांडी घालून शेजारी बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कामावरची वस्तू आहे."

या सगळ्यात आईची चपाती कुठे बसते ते मला आता दिसायला लागलंय. आमची दहा बाय बाराची खोली, रॉकेलचा स्टोव्ह, पहाटे पाचला नळाला पाणी, सहाला अण्णांची पाळी. ज्वारीचं पीठ ताजं लागतं. आठवडा उलटला की त्याचा चिकटपणा जातो, मग आधणाचं पाणी घालून कितीही मळा, भाकरीला चिरा पडतातच. भाकरी तव्यावरून ताटात आली पाहिजे. डब्यात घातली तर दुपारपर्यंत तिची चामडी होते. चपातीला तेलाचं बोट लावून घडी घाला, ती लोकलमध्ये चेंगरते, दुपारी दोनला उघडते आणि तरी मऊ असते. गव्हाच्या पिठात जो ताण असतो त्याने हे शहर डब्यात बांधून कामाला पाठवलं. चपातीवर आम्ही डालडा लावायचो. तो 1937 पासून मिळायचा, शिवडीलाच वनस्पती तुपाचा कारखाना होता. तो दाणेदार पांढरा गोळा आम्हाला तुपाहून आवडायचा. आता त्यातल्या ट्रान्स फॅटवर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तेव्हा साध्या आजारपणातून उठलेल्याला ताकद यावी म्हणून त्याचा शिरा करत. रेशनवर पामतेल आलं, मामाकडच्या करडईच्या घाण्याच्या तेलाची बाटली हळूहळू येईनाशी झाली, आणि कुणी काही बोललं नाही. दादर स्टेशनाबाहेर 1966 च्या सुमारास वडापाव सुरू झाला असं सांगतात. गोदीत जहाजं, शेतात मेक्सिकन बियाणं आणि स्टेशनाबाहेर पाव, हे सगळं एकाच वर्षाच्या आसपास. त्यांचा एकमेकांशी सरळ संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण भूक एकच होती.

हल्ली रविवारी वांद्र्याच्या बाजाराला मैत्रीण ओढून नेते. तागाच्या पिशव्या, मातीचे माठ, आणि प्रत्येक फळीवर 'पूर्वीसारखं'. तिथे मला गप्प राहणं जमत नाही. पूर्वी म्हणजे कधी? मे महिन्यात वर्षाचा गहू भरायचा तेव्हा आई त्याला एरंडेल चोळायची, कडुलिंबाचा पाला घालायची, आणि मग पत्र्याच्या पिंपात पाऱ्याच्या गोळ्या कापडात बांधून ठेवायची. तांदळाला बोरिक पावडर. आमच्या पिंपातलं विष कुठल्या कंपनीने चोरून घातलेलं नव्हतं, ते आई मोजून, मायेने घालायची. क्रॉफर्ड मार्केटच्या पेट्यांत कार्बाइडच्या पुड्या निघायच्या. बंदी असूनही निघायच्या, कारण आम्हाला अक्षय्य तृतीयेला पिवळा आंबा हवा असायचा आणि झाडाला ती तिथी ठाऊक नव्हती. द्राक्षांचंही तसंच. युरोपला जाणाऱ्या पेटीतल्या औषधाच्या अंशासाठी प्रयोगशाळा बसते, 2010 मध्ये एका वाढरोधकावरून निर्यात अडकली तेव्हा केवढा गहजब झाला. आमच्या हातगाडीवरचा घड मात्र आम्ही नळाखाली धरतो आणि निर्धास्त होतो. मी त्या बाजारातून काहीच घेत नाही असं नाही. गूळ घेते. पण तिथल्या गप्पांत रसायन म्हणजे खाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न असतो, फवारणाऱ्याच्या अंगाचा कधीच नसतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळला कापसावर औषध मारता मारता 20 हून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. कापूस तर कुणी खात नाही.

अण्णांना 'विषारी शेती' हा शब्द सहन होत नसे. निवृत्तीनंतर टीव्हीवर कुणी तसं बोललं की आवाज बंद करायचे. पण एकदा मामाशी बोलताना मी त्यांना वेगळं ऐकलं. मामा सांगत होता, शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्यांनी खरिपात संकरित ज्वारी लावली, सीएसएच-1 या पहिल्या संकरित वाणाच्या काळापासून लावतायत. दोन वर्षांत महाराष्ट्र स्वयंपूर्ण झाला नाही तर फासावर चढेन, असं वसंतराव नाईकांनी सांगितल्याची गोष्ट त्याला तोंडपाठ. आणि उत्पन्न वाढलंच की, खोटं नाही. पण ती ज्वारी लवकर तयार होते आणि कापणीच्या तोंडावर पाऊस आला की दाणा बुरशीने काळा पडतो. मग ती खाते कोण, तर कोंबड्या. ताट, म्हणजे ज्वारीचा धांडा, बुटकं, म्हणून कडबा कमी आणि जाडाभरडा, बैल तोंड फिरवतो. कडबा नाही म्हणून बैल विकला, बैल गेला म्हणून शेण गेलं, शेण गेलं म्हणून तुमची गोणी. "म्हणजे दाजी, तुमच्या कारखान्याला गिऱ्हाईक आमच्या बैलानं दिलं," मामा हसत म्हणाला. अण्णा हसले नाहीत. बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, आम्ही पंधरा-पंधरा-पंधरा असं मोजून देत होतो. 2010 मध्ये सरकारने बाकीच्या खतांचं अनुदान बांधून दिलं, ती महागली, युरिया तेवढा स्वस्त ठेवला, आणि लोक नुसता युरिया फेकायला लागले. आजही 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. मुंबईच्या चांगल्या हॉटेलात एवढ्यात एका माणसाचं जेवण होत नाही. पिकं हिरवीगार दिसायची, म्हणून कुणाला काही चुकतंय असं वाटायचंच नाही, असं अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून 'चुकतंय' मी तेवढंच ऐकलं. पुढे काही विचारायचं माझ्याच्याने झालं नाही. माझी शाळेची फी, कॉलेजचं हॉस्टेल, आईच्या पाटल्या, सगळं त्याच गोणीतून आलं होतं.

आणि आईला तरी कुठल्या तोंडाने सांगू, की तू आयुष्यभर वर चढलीस ती पायरी आता डॉक्टर खाली उतरायला सांगतायत? तिला कुणी फसवलेलं नाही. मिलोच्या भाकरीपासून रोजच्या चपातीपर्यंतचा रस्ता तिने डोळे उघडे ठेवून, हौसेने पार केला. हात भाजणं कमी झालं, डबा मऊ राहिला, पाहुण्यासमोर खाली बघावं लागलं नाही. माझ्या साखरेचं खापर मी तिच्या त्या सुखावर फोडू शकत नाही. डॉक्टर फोडतात, त्यांना सोपं आहे.

परवा मामाला फोन केला. म्हटलं, इथल्या वाण्याकडून कशाला, घरचीच ज्वारी पाठव. तो भावाचं बोलायला लागला. सरकारी हमीभावात ज्वारीच्या दोन ओळी असतात, हायब्रीड वेगळी, मालदांडी वेगळी. 2023-24 मध्ये क्विंटलला 3180 आणि 3225 रुपये होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यामुळे पुण्या-मुंबईचे व्यापारी आता गावात येऊन विचारतात. तरी परवडत नाही, तो म्हणाला. गव्हात हार्वेस्टर घुसतो, इथे कडबा हवा तर ताट हाताने उपटावं लागतं, आणि उपटणारी बाई आता ऊसतोडीला नाहीतर तुमच्या मुंबईला. मी विचारलं, मग तुम्ही घरी काय खाता? पलीकडे क्षणभर शांतता. "रेशनचा गहू येतोय की फुकट." अन्नसुरक्षेच्या कायद्यात भरड धान्याचा दर 1 रुपया किलो लिहिला होता, गव्हाचा 2 रुपये, आणि 2023 पासून सगळंच मोफत. कायद्याच्या त्या कागदावर ज्वारी सगळ्यात स्वस्त होती. मामाच्या घरात मात्र पिकवलेली ज्वारी विकायची आणि फुकटचा गहू खायचा, हा हिशेब बसलाय. मामीचे गुडघे गेलेत, तिलाही चुलीपुढे भाकरी थापण्यापेक्षा ओट्यापाशी उभं राहून चपाती लाटणं सोसतं. "आन ऐक," मामा म्हणाला, "पाणी येणार म्हणत्यात. पाणी आलं तर पुढच्या सालापासनं ऊस. ज्वारी मग घरापुरती बी न्हाई."

मी म्हटलं, मग यंदाची वीस किलो माझ्या नावाने बाजूला काढ.

"काढतो," तो म्हणाला. "भाव बाजाराचाच लावतो हां. आन आक्काला सांगू नको, ती म्हणंल भाच्चीकडनं ज्वारीचं पैसं घेतलं."